‘कायद्याची भाषा अशीच असते’ म्हणे!

दिवाळीच्या दिवसांत घरात भांडण उकरून काढू नये, असा आमच्या आईचा दंडक होता. तो मी साठ वर्षे पाळला. गेल्या दिवाळीत मात्र मोडला, आणि त्याचे मला यत्किंचितही दुःख नाही. म्हणूनच तेच भांडण यंदा घराबाहेर काढून वाचकांच्या अंगणात आणून टाकीत आहे. हातात चकली असली तर ती आधी संपवून घ्यावी. पुढचा मजकूर थोडा कडू आहे.

झाले ते असे. वसुबारसेच्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीच्या नावाने एका विमा कंपनीचे पत्र आले. पत्र मराठीत होते. त्यात लिहिले होते : ‘आपल्या खंडित विमापत्राचे पुनरुज्जीवन विहित अटींच्या अधीन राहून, तत्समयी प्रचलित नियमानुसार, अनुज्ञेय असू शकेल, याची कृपया नोंद घ्यावी.’ बहिणीने ते माझ्या मुलाला दाखविले. तो अभियंता आहे. त्याने ते दोनदा वाचले आणि सूनबाईंकडे दिले. सूनबाई शाळेत मराठीच शिकवितात. त्यांनी ते तीनदा वाचले आणि जावईबापूंकडे दिले. जावईबापू वकील. पूर्वी खेड्यात तार आली म्हणजे सारे घर त्या कागदाभोवती धास्तावून बसे, तशी आम्ही पाच शिकलीसवरलेली माणसे पाऊण तास त्या पत्राभोवती बसलो होतो. शेवटी जावईबापू म्हणाले, “याचा अर्थ, राहिलेले हप्ते भरले तर पॉलिसी पुन्हा चालू होईल. बहुतेक.”

“मग तसे लिहीत का नाहीत?” बहिणीने विचारले.

“आत्या, कायद्याची भाषा अशीच असते.”

झाले! माझे डोके फिरले. कारण महसूल खात्याच्या एका कचेरीत मी चौतीस वर्षे कारकुनी केली आहे आणि हीच भाषा रोज शेरा-दीड शेराने पाडली आहे. ती ‘अशीच असते’ की ‘अशी केली जाते’, हे मला कोणी शिकवायला नको. पाऊस पडतो, भरती येते, तशी ही भाषा आपोआप येत नाही. कुणीतरी खुर्चीवर बसून ती लिहितो, आणि दुसऱ्या कुणाला तरी तिची किंमत मोजावी लागते.

तेव्हा पहिला प्रश्न असा की, जगात ती सगळीकडे अशीच आहे काय?

स्वीडन देश घ्या. तिथला राजा बारावा चार्ल्स हा काही साहित्यिक नव्हे. त्याचे सारे आयुष्य लढाईत गेले. १७०९ साली पोल्टाव्हाच्या रणांगणावर रशियाने त्याचा पराभव केल्यावर तो कित्येक वर्षे तुर्कांच्या मुलखात अडकून पडला होता. अशा अवस्थेतही १७१३ साली त्याने आपल्या राजकचेरीला फर्मावले की, सर्व लिखाण स्वच्छ, साध्या स्वीडिशमध्ये करावे आणि होता होईल तो परके शब्द टाळावेत. राजाज्ञा झाली म्हणून लगेच कारकून सुधारले असतील असे मी मुळीच म्हणणार नाही. कारकुनांची जात मला ठाऊक आहे. परंतु बीज पडले ते पडले. १९७६ साली तिथल्या सरकारी कचेरीत कायदेपंडितांच्या शेजारी भाषातज्ज्ञाची खुर्ची मांडली गेली. आणि २००९ साली त्या देशाने भाषेचा जो कायदा केला त्यात एका छोट्या कलमाने सांगून टाकले की, सार्वजनिक कारभाराची भाषा नीटनेटकी, साधी आणि कळेल अशी असली पाहिजे. कलमही असे की ते समजायला वकील लागत नाही.

इंग्लंडात पाहा. १९४० च्या ऑगस्टमध्ये जर्मन विमाने डोक्यावर घिरट्या घालीत होती. अशा वेळी, ९ ऑगस्ट रोजी, पंतप्रधान चर्चिल यांनी आपल्या मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना एक पानभर टिपण पाठविले. विषय कोणता? तर थोडक्यात लिहा. अहवाल फार लांबतात, मुद्दा शोधण्यात वेळ जातो, भरताडाची वाक्ये काढून टाका, असे त्यात होते. ‘आम्हांला सोपे लिहायला सवड कुठे आहे?’ असे जे अधिकारी म्हणतात त्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी. सवड नव्हती म्हणूनच सोपे लिहायचे होते!

युद्ध संपले, आणि ब्रिटिश अर्थखात्याने सर अर्नेस्ट गॉवर्स या मुरलेल्या अधिकाऱ्याकडून सरकारी नोकरांसाठी साध्या शब्दांवर एक पुस्तक लिहून घेतले. ते १९४८ साली निघाले. १९५४ साली त्याची वाढीव आवृत्ती आली. आणि २०१४ साली त्यांच्या पणतीने ते नव्याने सुधारून छापले. पणजोबाने कारकुनांसाठी लिहिलेले पुस्तक पणतीच्या हाती अजून जिवंत राहावे, यावरून त्याची गरज किती खरी होती ते दिसते. रोग किती चिवट आहे, तेही त्यावरूनच दिसते.

अमेरिकेत तर एका चिडलेल्या माणसाने या रोगाला नावच देऊन टाकले. मॉरी मॅव्हरिक हे टेक्सासचे गृहस्थ. महायुद्धाच्या काळात छोट्या कारखान्यांसाठी असलेल्या एका सरकारी महामंडळाचे ते प्रमुख होते. कचेरीतल्या कागदांतले फुगीर शब्द वाचून वाचून वैतागल्यावर मार्च १९४४ मध्ये त्यांनी एक हुकूम काढला आणि या भाषेला ‘गॉबल्डिगुक’ म्हटले. टर्की कोंबडा छाती फुगवून जो आवाज काढतो, त्यावरून त्यांना हा शब्द सुचला. वाक्याच्या शेवटी काही अर्थ निघाला नाही तरी चालेल, पिसारा मात्र फुललेला पाहिजे! ‘अंमलबजावणी’छाप दोन ठरावीक शब्द कुणी वापरील तर त्याला गोळी घालण्यात येईल, अशीही त्यांनी थट्टेने तंबी दिली होती. माझ्या चौतीस वर्षांत आमच्या कचेरीत असा एक जरी साहेब आला असता, तर निम्मी कचेरी रिकामी झाली असती. आणि पहिला बळी मी असतो.

पण वाचकहो, साहेबाने सांगितले आणि भाषा सुधारली, इतकी ही गोष्ट सरळ नाही. ज्यांना ती भाषा सोसावी लागत होती, ते रस्त्यावर उतरले तेव्हा खरी जाग आली. लिव्हरपूलच्या क्रिसी माहर या बाईंना वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत लिहिता-वाचता येत नव्हते. पुढे गोरगरिबांची कामे करताना त्यांनी पाहिले की, सरकारी मदत आहे, ती घेणारा माणूसही आहे, पण मध्ये अर्ज नावाची भिंत आहे. १९७९ साली लंडनमध्ये, पार्लमेंटसमोरच्या चौकात, त्यांनी सरकारी अर्जांचे जाहीरपणे तुकडे तुकडे केले आणि सोप्या इंग्रजीची चळवळ सुरू केली. शंभर पंडितांनी वर्तमानपत्रांत लिहून जे झाले नसते ते त्या फाटक्या कागदांनी केले. तीनच वर्षांनी, १९८२ मध्ये, ब्रिटिश सरकारला आपले अर्ज तपासण्याचे धोरण जाहीर करावे लागले. १९९९ साली इंग्लंडातल्या दिवाणी न्यायालयांनी आपले नियम नव्याने लिहिले, तेव्हा शतकानुशतके चालत आलेले ‘प्लेंटिफ’ आणि ‘रिट’ हे शब्दही बाजूला ठेवून त्या जागी रोजच्या इंग्रजीतले शब्द घातले. न्यायदेवता काही त्यामुळे रुसून बसली नाही.

अमेरिकेतल्या पुढच्या हकीगतीतून मात्र एक निराळा धडा मिळतो. १९७५ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका बड्या बँकेने आपली कर्जाची वचनचिठ्ठी सोप्या भाषेत लिहून काढली. धर्मबुद्धीने नव्हे, ग्राहकांशी होणारे कज्जे तिला परवडेनात. मग न्यूयॉर्क राज्याने १९७७ साली कायदाच केला की, सामान्य ग्राहकाशी होणारे करार साध्या भाषेत असावेत. १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी हुकूम काढला की सरकारी नियम सोपे व स्पष्ट असावेत. १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी तो हुकूम रद्द केला. १९९८ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी पुन्हा तसाच आदेश दिला. आणि शेवटी २०१० साली ओबामा यांच्या सहीने सोप्या लिखाणाचा कायदा झाला. एकाने दिवा लावावा, दुसऱ्याने फुंकर घालावी! आणि त्या कायद्यातही एक मेख आहेच : सरकारी खात्याने तो मोडला तर त्याबद्दल न्यायालयात दाद मागता येत नाही. म्हणजे अन्न वाढले, पण पानाला हात लावायचा नाही.

हे सारे सांगितल्यावर आमचे जावईबापू म्हणाले, “मामा, सगळे खरे, पण भाषा थोडी बोजड असली म्हणून असे काय मोठे आकाश कोसळते?”

तेव्हा मी त्यांना एका बाईची गोष्ट सांगितली. ती मी आजवर कुणाला सांगितली नव्हती, कारण त्या गोष्टीतला आरोपी मी आहे.

माझ्या नोकरीच्या आठव्या की नवव्या वर्षी मी एक नोटीस लिहिली. तिचा मसुदा मला अजून तोंडपाठ आहे : ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस सूचित करण्यात येते की, संदर्भीय अर्जाच्या अनुषंगाने नमूद गटाबाबत वारसनोंदीचा फेरफार प्रस्तावित असून, तत्संबंधी आपली हरकत असल्यास ती विहित मुदतीत सादर करावी, अन्यथा आपले काहीएक म्हणणे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल.’ साहेबांनी मसुदा वाचून मान डोलावली होती. मलाही तो फार आवडला होता.

ही नोटीस एका विधवा बाईला गेली. नवरा आधीच वारलेला. मग सासरे वारले. सासऱ्यांच्या जमिनीत विधवा सुनेचा हिस्सा १९५६ च्या वारसा कायद्याने सांगितलेला. पण दिराने एकट्याचेच नाव लावण्यासाठी अर्ज दिला होता. बाईने नोटिशीवर अंगठा उमटविला, कागद घडी करून देवाच्या फडताळात ठेवला, वर हळदकुंकू वाहिले. मुदत गेली. नोंद मंजूर झाली. पेरणीच्या वेळी दिराने तिला शेतातून बाहेर काढले, तेव्हा ती तो कागद घेऊन कचेरीत आली आणि माझ्याच टेबलापाशी उभी राहिली.

“कागदावर माझंच नाव व्हतं न्हवं?” ती म्हणाली. “शेजारच्या पोरानं वाचून दावलं. मला वाटलं, जिमीन लागली नावावर.”

पत्ता म्हणून लिहिलेले आपले नाव पाहून तिला वाटले की हा जमीन मिळाल्याचा कागद आहे! मी काय उत्तर देणार? नोटीस नियमाप्रमाणे काढलेली होती. नियमाप्रमाणे बजावली होती. पोच होती, अंगठा होता. कुणाचीही चूक नव्हती. प्रांतसाहेबांकडे अपील करा, एवढे मी तिला सांगितले. तिने अपील केले, हेलपाटे घातले, सहा वर्षांनी तिचे नाव लागले. तेव्हा न्याय झाला, असे कागदावर म्हणता येईल. त्या सहा वर्षांत आपल्या हक्काचे शेत डोळ्यांसमोर असताना ती दुसऱ्याच्या बांधावर मजुरीने खुरपत होती.

आता ही नोटीस अशी लिहिली असती तर? ‘तुमचे सासरे वारले. त्यांच्या जमिनीवर फक्त तुमच्या दिराचे नाव लावावे, असा अर्ज आमच्याकडे आला आहे. त्यात तुमचे नाव नाही. हे तुम्हांला मान्य नसेल तर अमुक तारखेच्या आत तलाठ्याला येऊन सांगा. तोंडी सांगितले तरी चालेल; तो लिहून घेईल. तुम्ही काही कळविले नाही, तर तुमच्या नावावाचून नोंद होईल.’ शेजारचे पोर हे वाचते, तर बाई त्याच पावली कचेरी गाठती. यात कायद्याचा कोणता मुद्दा सुटला? उलट माझ्या मसुद्यात जे नव्हते ते यात आहे. कुणी अर्ज केला, कशासाठी केला, आणि गप्प बसले तर काय जाणार, हे माझ्या नोटिशीत कुठे होते?

‘कायद्याला नेमकेपणा लागतो, म्हणून भाषा अवघड होते,’ हा जो नेहमीचा बचाव आहे त्याचे उत्तर इथेच मिळते. ‘अनुषंगाने’ या शब्दात कोणता नेमकेपणा आहे? ‘विहित मुदतीत’ म्हणजे नेमके किती दिवसांत? नेमके शब्द लोकांना चांगले ठाऊक असतात. सातबारा, फेरफार, तारण, जप्ती, वहिवाट, हे सारे शब्द कायद्याचे आहेत आणि निरक्षर शेतकऱ्याला ते वकिलापेक्षा अधिक समजतात. अडचण त्या शब्दांची नाही. त्यांच्याभोवती आम्ही जो पेंढा भरतो त्याची आहे.

गृहिणींना हे मी सांगायला नकोच. अनारशाइतका हट्टी पदार्थ दुसरा नाही. माप चुकले की तो तुपात हसतो. पण त्याची कृती आजी कशी सांगते? तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, सावलीत कोरडे करा, कुटा, गूळ घाला. हीच कृती आमच्या कचेरीतून निघाली असती तर अशी असती : ‘तांदूळ विहित कालावधीपर्यंत जलमग्न ठेवण्यात येऊन तदनंतर त्यांचे शुष्कीकरण करण्यात यावे, गुळाचे प्रमाण वेळोवेळी निश्चित करण्यात येईल त्यानुसार राहील, अनारसा हसल्यास त्याची जबाबदारी प्रस्तुत कार्यालयावर राहणार नाही.’ सांगा, नेमके काय, आणि अवघड काय?

दुसरा बचाव असा की, लोकच अडाणी आहेत. ते शिकले म्हणजे भाषा समजेल. तर ऐका. एप्रिल २०१७ मध्ये घरमालक-भाडेकरूंच्या वादातला, हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचा एक निकाल सर्वोच्च न्यायालयापुढे आला. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनाच तो समजेना! तो निकाल बाजूला ठेवून, पुन्हा समजेल असा लिहिण्यासाठी त्यांना तो परत पाठवावा लागला. आता या न्यायमूर्तींना कोणत्या रात्रशाळेत घालावे?

तिसरा बचाव आपल्या घरचा आहे आणि तो जरा नाजूक आहे. सोपे लिहा म्हटले की काही मंडळींना वाटते, मराठीचा दर्जा उतरला. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, १९६० साली आपल्या राज्यात भाषा संचालनालय निघाले, १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला, या गोष्टींचा मलाही अभिमान आहे. स्वभाषेत कारभार झालाच पाहिजे. चांगले घडविलेले नवे शब्दही लोक आनंदाने घेतात. ‘महापौर’ हा शब्द आज कुणाला अडतो? परंतु फारसी काढून संस्कृत घातले म्हणजे कागद सोपा होत नाही. आपण इंग्रज गेल्यावर त्याचे शब्द बदलले, वाक्य मात्र त्याचेच ठेवले. ‘निर्णय घेण्यात आला आहे’, ‘कार्यवाही करण्यात येईल’, ‘विनंती अमान्य करण्यात येत आहे’. कुणी घेतला? कोण करणार? कुणी अमान्य केली? सबंध वाक्यात कर्ता शोधून सापडत नाही. तो केव्हाच मागच्या दाराने पसार झालेला असतो. चौतीस वर्षे मी त्याला ते दार उघडून देत होतो, म्हणून सांगतो : या रचनेची खरी गोडी हीच आहे. जिथे कर्ता नाही तिथे जाब विचारायला माणूस नाही.

मराठीचा दर्जा कशात आहे, याचा निवाडा तर आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वीच झालेला आहे. महानुभावांचे आचार्य नागदेवाचार्य यांच्यापुढे त्यांचे विद्वान शिष्य संस्कृतात बोलू-लिहू लागले, तेव्हा आचार्यांनी त्यांना अडविल्याचा प्रसंग ‘स्मृतिस्थळा’त आहे. कारण काय दिले? तर, पंथातल्या म्हाताऱ्या बायांना त्यातले काही कळणार नाही, त्या बिचाऱ्या आपल्या वाट्याला मुकतील. आचार्य विद्येच्या विरुद्ध नव्हते. ज्ञान ज्यांच्यासाठी आहे त्यांच्या पदरात ते पडते की नाही, एवढेच ते पाहात होते. दक्षिण आफ्रिकेने वर्णद्वेषाची राजवट गेल्यावर १९९६ साली आपली राज्यघटना मुद्दाम साध्या भाषेत लिहिली, आणि २००८ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात साध्या भाषेची कसोटी ठरविली ती अशी : ज्या वर्गातल्या माणसांसाठी तो कागद आहे त्यांतल्या बेताच्या अक्षरओळखीच्या, फारसा अनुभव नसलेल्या सामान्य माणसाला तो विनासायास समजला पाहिजे. ही नागदेवाचार्यांच्या म्हाताऱ्यांचीच कसोटी नव्हे काय? जून २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने तर साध्या भाषेचे प्रमाणच प्रसिद्ध केले. खिळे-मोळे जसे प्रमाणात बसवितात तसे! त्याचे सार तीन क्रियापदांत आहे : वाचणाऱ्याला हवे ते सापडावे, सापडलेले समजावे, समजलेले वापरता यावे. लिहिणाऱ्याच्या पांडित्याला त्यात एकही गुण नाही.

आपल्या देशातही वारा फिरू लागला आहे, हे मान्य केले पाहिजे. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ साली नवा कायदा संमत झाला. १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख. सरकारने दिलेल्या आकड्यांप्रमाणे जुन्या कायद्यात सुमारे ५ लाख १२ हजार शब्द होते, ते नव्यात सुमारे २ लाख ६० हजारांवर आले. ८१९ कलमांची ५३६ झाली. आणि ‘मागील वर्ष’, ‘आकारणी वर्ष’ या जोडगोळीच्या जागी एकच ‘कर वर्ष’ आले. म्हणजे साठ वर्षे जे ‘अशीच असते’ म्हणून सांगत होते, त्यांनीच निम्मे शब्द काढून दाखविले! शब्द कमी झाले म्हणजे सारे सोपे झाले असे नव्हे. पण ‘होत नाही’ हे म्हणणे तेवढे कायमचे निकालात निघाले.

मग आता मागायचे काय? विनंत्या पुष्कळ झाल्या. कारकुनाला विनंती करून काही होत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या मागण्या तीन आहेत. सामान्य माणसाला जाणाऱ्या प्रत्येक कागदावर पहिल्याच चार ओळींत काय झाले आहे, तुम्ही काय करायचे, कोणत्या तारखेच्या आत करायचे आणि न केल्यास काय होईल, हे लिहिले पाहिजे. आणि निर्णय कुणी घेतला त्याचा हुद्दा वाक्याच्या आरंभी पाहिजे. ही पहिली. कोणताही छापील नमुना वापरात आणण्यापूर्वी तो ज्यांच्यासाठी आहे अशा दहा-पाच माणसांना वाचून दाखवावा, आणि त्यांना काय समजले ते त्यांच्याच तोंडून ऐकावे, ही दुसरी.

तिसरी मागणी खरी भांडणाची आहे. ज्या नोटिशीचा अर्थ साध्या माणसाला लागत नाही, तिची मुदत मोजायला सुरुवातच होता कामा नये. जावईबापू इथे उसळले. सारा कारभार ठप्प होईल म्हणाले. मुळीच होणार नाही. विम्याच्या करारातला शब्द संदिग्ध असला तर त्याचा अर्थ करार लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध घ्यावा, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी मानलेलेच आहे. ज्याने लिहिले त्याने निस्तरावे! मग कंपनीला जो न्याय तोच कचेरीला का नसावा? आज धूसर लिहिण्याचा सारा तोटा वाचणाऱ्याच्या माथी बसतो आणि लिहिणाऱ्याचे एक दिवसाची रजाही कापली जात नाही. एकदा का मुदत लटकू लागली, की पंधरा दिवसांत साऱ्या कचेऱ्यांना आजीसारखे मराठी येऊ लागेल.

आमच्या घरातले भांडण त्या दिवशी मिटले नाही. जावईबापूंनी मुदतीचा मुद्दा अजून मान्य केलेला नाही. यंदा भाऊबीजेला ते पुन्हा येणार आहेत, तेव्हा बघून घेऊ. बहिणीने मात्र त्याच संध्याकाळी विमा कंपनीला उलट पत्र लिहिले. मी सांगितले म्हणून नव्हे, तिच्या मनाने. त्यात दोनच ओळी होत्या : ‘तुमचे पत्र मिळाले. आम्हां पाचजणांना ते समजले नाही. किती पैसे, कोणत्या तारखेपर्यंत आणि कुठे भरायचे, ते लिहून कळवावे.’

पंधरा दिवसांनी उत्तर आले. रक्कम, तारीख आणि पत्ता. तीन ओळींत.

म्हणजे त्यांना येत होते!